किती गोळीनं, किती एकादशीनं

गोपिकाबाई गिरडकरांची सकाळ ठरलेली होती. आंघोळ, तुळशीला पाणी, देवघरात दिवा, पोथीचं एक पान, मग इंजेक्शन आणि मग चहा. या सगळ्यात देवाचं कुठे संपलं आणि औषधाचं कुठे सुरू झालं हे बाहेरच्याला कळलं नसतं, कारण इंजेक्शनच्या वेळीसुद्धा त्या डोळे मिटून नावच घेत.

शुगरचं हे इंजेक्शन द्यायचे शालिकराम, म्हणजे त्यांचे यजमान. ते फार्मसी कॉलेजात प्राध्यापक होते. नंदनवन वस्तीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात काचेची सिरिंज आणि सुई उकळायला पातेल्यासारखा एक लहान गंज वेगळा ठेवलेला होता आणि पाहुण्यांनाही तो माहीत होता. सुई पुन्हा पुन्हा वापरून बोथट व्हायची. म्हणून रविवारी जेवणं झाली की शालिकराम व्हरांड्यात बसून बारीक दगडावर तिला धार लावत आणि आपल्याच मांडीवर टोचून पाहत. दुखलं तर पुन्हा घासत. एरवी बायकोचं कौतुक करायची त्यांना सवय नव्हती.

"हं," ते म्हणत.

"नारायण," त्या म्हणत.

सुई आत जाई. कित्येक दिवस दोघांचं बोलणं एवढंच होई आणि कोणालाही ते कमी वाटत नसे.

इंजेक्शन नवीन सुरू झालं तेव्हा गोपिकाबाईंना एक शंका आली होती. मंदिरात कीर्तनाला येणाऱ्या चंपतरावबुवांना त्यांनी विचारलं होतं, "बुवा, उपासाच्या दिवशी इंजेक्शन घेतलं तर चालते का?"

बुवांनी डोळे मिटून विचार केला होता. "तोंडातून जाते का?"

"नाही. दंडातून."

"मंग उपास मोडत नाही."

त्या औषधाच्या बाटलीत काय असतं, हे त्यांनी बुवांना सांगितलं नव्हतं. ते गाईच्या पोटातून काढतात हे त्यांना ठाऊक होतं. धंतोलीच्या डॉक्टर अरुंधती पांढरीपांडे यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण बुवांनी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. गळ्यात तुळशीची माळ होती. ती पारशिवनीला, माहेरी असताना, लग्नाच्या आधीच घातलेली. घालताना शपथ होती की मांसमच्छी तोंडात जाणार नाही. तोंडात, असंच म्हटलं होतं. दंडाचा विषय तेव्हा निघालाच नव्हता. ज्या तोंडानं नाव घ्यायचं ते तोंड स्वच्छ असावं, एवढंच त्यांना कळत होतं, आणि ते स्वच्छ होतं.

त्या वर्षी ज्येष्ठात शालिकराम कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आले ते चप्पल न काढता थेट स्वयंपाकघरात. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

"सशांची शुगर उतरली," ते म्हणाले.

"बरं झालं सशांचं," गोपिकाबाई म्हणाल्या. त्यांना खरंच बरं वाटलं.

"तसं नाही वं. गोळीनं उतरली. सुई नाही, काही नाही. तोंडानं गोळी देल्ली अन् उतरली."

मग त्यांनी पाटावर बसून समजावलं. पोट म्हणजे आंधळं यंत्र. त्याले डाळ काय अन् औषध काय, सारखंच. इन्सुलिन हे डाळीच्याच जातीचं, प्रथिन. तोंडानं घेतलं की पोट त्याले डाळ समजून पचवून टाकते, रक्तात काहीच पोचत नाही. म्हणून इतकी वर्षं सुई. आता त्यांनी काय केलं होतं, तर इन्सुलिनची भुकटी कॅप्सूलमध्ये भरून वरून लाखेचा लेप चढवला होता. गोंदियाहून आणलेली साधी लाख. ती पोटातल्या आंबटात विरघळत नाही, पुढं आतड्यात गेली की विरघळते.

"म्हणजे करंजीसारखं," गोपिकाबाई म्हणाल्या. "सारण तेलात सुटू नये म्हणून कड दाबतात तसं."

"तसंच." शालिकरामांनी हे उदाहरण पुढे वर्गात दिलं, असं म्हणतात. "किती वर्षं झाली मले यात. आता पहिली गोळी तुले. पांढरीपांडे डॉक्टरांशी बोलणं झालं. एक दिवस त्यांच्या दवाखान्यात राहायचं. सकाळचं इंजेक्शन नाही घ्यायचं, गोळी घ्यायची, अन् दर थोड्या वेळानं रक्त तपासायचं. बस."

दुसऱ्या कोणी बायकोसाठी साडी आणली असती तर ज्या आवाजात सांगितलं असतं, त्या आवाजात ते बोलत होते. गोपिकाबाईंनी चहा टाकला. तोंडातून, हा एकच शब्द त्यांच्या कानात राहिला होता.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातला देवाजी घरी आला. देवाजी ससे सांभाळायचा. सशांना आधी शुगर लावायची आणि मग उतरवायची, हा कारभार त्याला कधीच पटला नव्हता, पण सशांचा त्याच्यावर जीव होता. सरांचा डबा न्यायला तो आला होता.

"देवाजी, त्या गोळीत काय काय असते गा?" गोपिकाबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

देवाजीला कोणी कधी विज्ञान विचारत नसे. तो उंबऱ्यावर ऐसपैस बसला. "पाहा बाई. वरून जे चकचक करते ते लाख. लाख म्हणजे किड्यायची. पळसावर राह्यतात नं ते किडे, त्यायच्या अंगातून निघते. त्याच्या आत कॅप्सूल. ते हाडकं उकळून बनवतात. अन् त्याच्या आत पावडर. ते गाईच्या पोटातलं."

"असं."

"वरून किडे, मधात हाडं, आत गाय." त्यानं एकदा उजळणी केली. मग बाईंचा चेहरा पाहून म्हणाला, "पण गाय आपल्याकडची नाई हो बाई. विलायतेतली हाय."

गोपिकाबाईंनी डबा त्याच्या हातात दिला. त्या दिवशी पोथीचं पान त्यांनी दोनदा वाचलं, तरी त्यातलं काही डोक्यात शिरलं नाही. नाही म्हणावं तर त्यांच्यासाठीच सुईला धार लावणाऱ्या माणसाच्या इतक्या वर्षांच्या कामाला नाही म्हटल्यासारखं होत होतं. हो म्हणावं तर माळ होती. माळ काही बोलत नाही, त्यामुळे तिच्याशी वाद घालता येत नव्हता.

शेवटी त्यांनी जे खरं होतं त्यातलं अर्धं सांगितलं. "आषाढी आली. चातुर्मास लागते. माझे नेम आहेत. चातुर्मास होऊ द्या."

शालिकराम विज्ञानवादी होते, पण बायकोच्या नेमाला त्यांनी कधी हात लावला नव्हता. चातुर्मासात त्या पळसाच्या पानावर जेवत, कांदा-लसूण आणि वांगं बंद, जेवताना मौन. तेही चार महिने वांगं खात नसत, कारण होतच नसे. "ठीक आहे," ते म्हणाले. "गोळ्या फ्रिजमध्ये ठेवतो. इन्सुलिन थंडीत वर्षभर टिकते." आणि कॉलेजच्या फ्रिजमध्ये सशांच्या रक्ताच्या नळ्यांशेजारी त्यांनी गोळ्यांची डबी ठेवून दिली.

चार महिने गेले. कार्तिकी झाली, तुळशीचं लग्न लागलं. शालिकरामांनी एकदाही आठवण करून दिली नाही. फक्त रविवारी दगडावर सुई घासताना ते पूर्वीपेक्षा हळू घासत. जणू आता काही दिवसांचंच काम आहे. ते पाहणं गोपिकाबाईंना वाद घालण्यापेक्षा जड गेलं.

तुळशीच्या लग्नानंतरच्या सोमवारी त्यांनी आंघोळ केली, दिवा लावला, आणि गळ्यातली माळ काढून देवासमोर तबकात ठेवली. "जे घेणार ते उघड्या गळ्यानं घेते," त्या देवाला म्हणाल्या. "माळ घालून खोटं नको." मग बाहेर येऊन म्हणाल्या, "चला. रिक्षा सांगा."

शालिकरामांनी त्यांच्या गळ्याकडे पाहिलं आणि रिक्षा बोलवायला गेले.

डॉक्टर पांढरीपांडे यांचा दवाखाना छोटा होता, पण त्या मोठ्या आवाजात बोलत. खाटेशेजारी गोळी आली. लालसर, चकचकीत, बांगडीच्या दुकानातली वाटावी अशी. गोपिकाबाईंनी डोळे मिटले, नाव घेतलं नाही, आणि गिळली. दुपारी दवाखान्याचं ताट आलं, पोळी, वरण, भात. त्या जेवल्या. दर थोड्या वेळानं सिस्टर रक्त घेऊन गेली. शालिकराम बाहेरच्या बाकावर बसले होते आणि त्यांच्याजवळ देवाजी.

शुगर उतरली नाही. चढली. संध्याकाळी डॉक्टरांनी हात झटकले आणि नेहमीचं इंजेक्शन दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते चारचौघात सांगण्यासारखं नाही, पण शास्त्रासाठी डॉक्टरांनी सिस्टरला लक्ष ठेवायला सांगितलं होतं. तिला गोळी सापडली. धुऊन, स्टीलच्या वाटीत घालून तिनं ती आणली. जशी आत गेली तशीच बाहेर आली होती. चमकसुद्धा गेली नव्हती.

शालिकरामांनी ती चिमट्यात धरून उजेडात पाहिली. बराच वेळ पाहिली.

"लाख निबर झाली," ते म्हणाले. "लाख जुनी झाली का कडक होते. मंग कशानंच विरघळत नाही. हे मले ठाऊक पाहिजे होतं. मी आतल्या इन्सुलिनचं वय धरलं, वरच्या लाखेचं धरलंच नाही."

"सशांच्या वेळी बरी विरघळली होती," डॉक्टर म्हणाल्या.

"सशांले दुसऱ्याच दिवशी देत होतो."

"सशायले चातुर्मास नसते," देवाजी म्हणाला. त्यानं हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. त्याच्या आपलं लक्षात आलं.

मग देवाजीलाच आणखी एक गोष्ट सुचली आणि तो खूश झाला. "पण बाई, मंग तर तुमी काई खाल्लंच नाई! किडे नाई, हाडं नाई, गाय नाई. जशी गेली तशी आली. तुमची माळ बाटलीच नाई!"

देवाजीचं म्हणणं बरोबर होतं. घरी येऊन गोपिकाबाईंनी माळ पुन्हा घातली. पण ती पूर्वीसारखी बसेना. शपथ वाचली होती ती यजमानांची गोळी फुकट गेली म्हणून. आणि गोळी फुकट गेली होती ती चातुर्मासामुळे. चातुर्मास कोणी मागितला होता, ते देवालाही ठाऊक होतं आणि त्यांनाही. शालिकराम मात्र एका शब्दानं बोलले नाहीत. रविवारी ते सुई घासायला बसले तेव्हा गोपिकाबाई त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"दुसरी गोळी करा."

"भुकटी संपली. मुंबईच्या कंपनीतल्या ओळखीच्या माणसाकडून मागवावी लागते. दोनतीन महिने लागतात."

"लागू द्या. पण या वेळी झाली का लगेच द्या. मी दिवस नाही पाहणार."

शालिकरामांनी मान वर केली. गोपिकाबाई दिवस पाहणार नाहीत, असं वाक्य त्या घरात पहिल्यांदाच बोललं गेलं होतं.

"नक्की?"

"म्हटलं नं."

माघात भुकटी आली. ज्या दिवशी आली त्याच दिवशी शालिकरामांनी कॅप्सुली भरल्या, लेप चढवले, पंख्याखाली वाळवले. संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, "उद्या सकाळी."

गोपिकाबाईंची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. उद्याच्या चौकोनात एकादशी होती. शालिकरामांना एकादशी कळत असे ती ताटात भगर आल्यावर. त्या "उद्या" म्हणाल्या, आणि आत जाऊन उगाच डब्यांची झाकणं घट्ट लावत बसल्या. परवा म्हटलं असतं तर एका दिवसानं लाख काही निबर होणार नव्हती. पण एकदा चार महिने मागितल्यावर एक दिवससुद्धा मागायला तोंड राहिलं नव्हतं.

सकाळी माळ तबकात गेली. गळा मोकळा झाला तसा त्यांनी देवाशी हिशेब केला. मांसाची शपथ आज मोडणार, ते ठीक, ती सांगून मोडते आहे. पण एकादशी वेगळी. एकादशीनं काही केलेलं नाही. गोळी औषध म्हणून जाईल. तिच्यावर आणखी काही नको, पाण्याशिवाय.

हा हिशेब त्यांनी कोणाला सांगितला नाही. कोणी विचारला नाही.

दवाखान्यात गोळी गिळली. दुपारी ताट आलं. पोळी, वरण, भात, आणि या वेळी बटाट्याची भाजी. मागच्या वेळचं ताट त्यांना दवाखान्याचा पाहुणचार वाटला होता. आजचंही तसंच वाटलं. दाराशी देवाजी उभा होता. घरून काही न खाता निघालेला.

"देवाजी, हे खाऊन घे बरं. वाया जाईल."

"तुमी?"

"मले नको."

देवाजीनं खाल्लं. भात जरा कमी आहे म्हणाला. रिकामं ताट सिस्टरनं उचललं.

दुपारनंतर शुगर उतरायला लागली. आधी थोडी. मग आणखी. डॉक्टर पांढरीपांडे स्वतः प्रयोगशाळेत जाऊन आल्या, पुन्हा तपासायला लावलं, पुन्हा तेच आलं. संध्याकाळी त्या खोलीत आल्या तेव्हा त्यांचा आवाज मोठा नव्हता.

"गिरडकर, उतरली हो. पोटभर जेवून, इंजेक्शन न घेता. उतरलीय."

शालिकराम खाटेच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा चेहरा गोपिकाबाईंनी पाहिला नव्हता. एवढा माणूस एकदम कोवळा दिसायला लागला होता. त्यांना वाटलं, इथेच थांबावं. इथून पुढे कोणी काही बोलू नये.

"पोटभर जेवून," हे दोन शब्द मात्र खोलीतून जाईनात.

"डॉक्टरबाई," गोपिकाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीच हळू असे, म्हणून डॉक्टरांना वाकावं लागलं. "जेवणाचा त्यात काही संबंध असते का?"

"असतो म्हणजे? त्यावरच तर सगळं आहे. जेवल्यावर साखर चढणार, गोळीनं ती उतरवायची. का?"

गोपिकाबाईंनी यजमानांकडे पाहिलं. मग पदर नीट केला.

"मी आज जेवली नाही. एकादशी आहे."

वाकलेल्या डॉक्टर ताठ झाल्या.

"ताट रिकामं होतं," डॉक्टर म्हणाल्या.

"ते म्या खाल्लं," देवाजी दारातून म्हणाला.

डॉक्टर पांढरीपांडे खुर्चीवर बसल्या. "शुगरच्या माणसानं दिवसभर पाण्यावर, आणि वर ती गोळी! चक्कर येऊन पडला असतात तर?" मग कागद हातात घेऊन शालिकरामांकडे वळल्या. "आणि उपाशी राहिलं तरी शुगर उतरते हो. आता यातली किती गोळीनं आणि किती एकादशीनं, ते मी कसं सांगू?"

"काही तरी गोळीनं असंनच," देवाजी म्हणाला.

"असेल. पण किती?"

देवाजी बोटं मोजायला लागला.

शालिकरामांनी चष्मा घातला आणि तो आता डोळ्यांवर राहिला. घरी जाताना रिक्षात दोघं शेजारी बसले होते. रेल्वेच्या फाटकापाशी रिक्षा थांबली. मालगाडी जात होती, लांबलचक.

"तू बोलली नसती तर," शालिकराम मालगाडीकडे पाहत म्हणाले, "मी ते छापून टाकलं असतं."

"म्हणूनच बोलली."

डबे संपेनात.

"उपाशी होती तर आधी सांगायचं होतं वं."

"आधी सांगितलं असतं तर तुमी परवा म्हणाले असते. अन् तुमाले वाटलं असतं, हिचं पुन्हा सुरू झालं."

शालिकरामांनी यावर विचार केला. त्यांना तसं वाटलं असतं. "हो," ते म्हणाले. फाटक उघडलं. थोडं पुढे गेल्यावर त्यांच्या खांद्याला हादरे बसायला लागले, आणि रिक्षावाल्यानं मागे वळून पाहिलं. गोपिकाबाई घाबरल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की ते हसताहेत. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "किती एकादशीनं," ते मधेच म्हणाले आणि पुन्हा हसले. या हसण्याखाली काय होतं ते गोपिकाबाईंना दिसत होतं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, भर रस्त्यात, रिक्षात.

सकाळी गोपिकाबाईंनी आंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं, दिवा लावला, पोथीचं पान वाचलं आणि द्वादशीला उपास सोडायच्या आधी दंड उघडा करून पाटावर बसल्या. शालिकरामांनी गंजातून सुई काढली. त्यांचं लक्ष देवघराकडे गेलं. माळ तबकातच होती.

"घातली नाही?"

"पुन्हा गोळी करसान नं?"

त्यांनी सिरिंज उजेडात धरून हवा काढली. "भुकटी थोडी उरली आहे. एकदा होईल. पण या वेळी तुले जेवा लागंल. माझ्यासमोर. पोळी, वरण, भात, सगळं."

"जेवीन. पण एकादशी पाहून ठरवा."

"मी पाहू?"

"तुमीच पाहा. माझ्या पाहण्याचा काही भरोसा राहिला नाही."

शालिकरामांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. त्यात इतक्या गोष्टी छापलेल्या असतात हे त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. "हे प्रदोष काय असते?" ते म्हणाले.

"ते असते एक. मंग सांगीन."

"अन् माळ?"

"राहू द्या तिथंच. एकदाच घालीन, सगळं झाल्यावर. सारखी काढघाल बरी नाही दिसत."

शालिकरामांनी दंडावर कापसानं स्पिरिट लावलं. सुई आदल्या रविवारी घासलेली होती.

"हं," ते म्हणाले.

गोपिकाबाईंनी डोळे मिटले. गळा उघडा होता म्हणून क्षणभर थांबल्या. मग नाव घेतलं.